परराज्यात जाणारी गाडी : कर, नंबर आणि विमा

विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी धरूनच चाललो आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, अर्थशास्त्र, वाङ्मय यांवर अधिकारी माणसांनी बोलावे असा प्रघात आहे. मी सातवी शिकलेला, कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. कायद्याची पुस्तके वाचली ती गरजेपोटी, आणि तीही शब्दकोश मांडीवर घेऊन. परंतु आपल्या जिल्ह्यातले तरुण पोटासाठी गोव्यात जातात, त्यांच्याबरोबर त्यांची स्कूटर जाते, थोडे बरे दिवस आले की जुनी चारचाकी जाते, आणि तिच्या मागोमाग जी भानगड येते तिचा निकाल लावायला ते आमच्या कचेरीत येतात. तेव्हा हा विषय आमच्याकडे तरी वाङ्मयाइतकाच जिवंत आहे.

एक गोष्ट सांगतो. आचऱ्याकडचा एक मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला होता. बरोबरच्या एका वेटरकडून त्याने गोव्याच्या नंबरची जुनी मोटारसायकल घेतली. पैसे रोख दिले, साध्या कागदावर सह्या झाल्या, चावी मिळाली. दोघांचीही समजूत अशी की व्यवहार संपला. मुलगा गाडी घेऊन गावी आला. पुढे दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्या गाडीची धडक रस्त्याने चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईला बसली आणि तिची कंबर मोडली. नोटीस कोणाच्या नावाने निघाली? गोव्यातल्या त्या वेटरच्या. तो धावत आमच्याकडे आला. "मी गाडी विकली, पैसे मोजून घेतले, आता माझा संबंध काय?" असा त्याचा सवाल. त्याहून वाईट म्हणजे गाडीचा विमा अपघाताच्या अकरा दिवस आधी संपला होता. विकणाऱ्याला वाटले की तो घेणारा भरील. घेणाऱ्याला वाटले की विमा विकणाऱ्याच्या नावावर आहे, तो भरील.

हे प्रकरण शेवटी तडजोडीने मिटले आणि दोघेही हप्त्याने पैसे फेडीत राहिले. पण त्या वेटरचा सवाल महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट दिले आहे. परिवहन कचेरीच्या दप्तरात ज्याचे नाव, तो कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हस्ते परहस्ते गेली होती आणि दप्तरात नाव मात्र पहिल्याचेच होते. न्यायालयाने म्हटले, नुकसानभरपाईची जबाबदारी नाव असलेल्यावर. अपघातात सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या विधवेने गाडी कोणकोणाच्या हातून फिरली याचा माग काढीत बसावे, हे न्यायाला धरून नाही. मला हा निकाल वाचताना बरे वाटले. वेटरच्या बाजूने मी उभा होतो हे खरे, पण त्या म्हातारीच्या बाजूने कोण होते?

आता मुळाशी जाऊ. सरहद्द ओलांडली की गाडीचे नक्की काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा घोळ लोकांच्या मनात फार आहे. त्याचे कारण असे की गाडी ही वस्तू एकच असली तरी तिच्यावर हक्क सांगणारी सरकारे दोन आहेत. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कोणते काम केंद्राचे, कोणते राज्याचे आणि कोणते दोघांचे, याच्या याद्या आहेत. विमा हा केंद्राच्या यादीत. वाहनावरचा कर हा राज्याच्या यादीत. आणि यंत्रावर चालणारी वाहने हा विषय दोघांच्या सामाईक यादीत. म्हणून परवाना, नोंदणी, विमा यांचा कायदा साऱ्या देशाला एक, तो म्हणजे १९८८ सालचा मोटार वाहन कायदा. आणि कराचा कायदा मात्र दर राज्याचा निराळा. आपल्याकडचा कराचा कायदा १९५८ सालचा, म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्याच्या काळातला आहे.

एवढे समजले की पुष्कळ गाठी आपोआप सुटतात. वाहन चालवण्याचा परवाना भारतभर चालतो. नोंदणीही भारतभर चालते. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदवावी लागत नाही, असे कायद्याच्या ४६ व्या कलमात आहे. विम्याचा करार भारतभर लागू आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की विमा बाद होतो, ही समजूत साफ चुकीची. इतकेच काय, जादा हप्ता भरला तर तो नेपाळ, भूतान, श्रीलंकेपर्यंत वाढवून मिळतो.

मग नंबर बदलायचा कशाला? "गाडी माझी, पैसे माझे, नंबर बदलूचो कित्याक?" असे मला एकाने तोंडावर विचारले होते. उत्तर कलम ४७ मध्ये आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ 'ठेवली' तर तिथल्या कचेरीकडून नवा नंबर घेतला पाहिजे. यातला 'ठेवली' हा शब्द नीट पाहा. सावंतवाडीचा, बांद्याचा किंवा दोडामार्गचा माणूस रोज सकाळी स्कूटरने गोव्यात कामाला जातो आणि रात्री घरी परत येतो. त्याची गाडी महाराष्ट्रातच ठेवलेली आहे; दहा वर्षे गेला तरी त्याला नंबर बदलण्याचे कारण नाही. उलट म्हापशाला किंवा पर्वरीला खोली घेऊन बिऱ्हाड थाटले, गाडी रात्री तिथेच उभी राहू लागली, तर वर्षानंतर एम.एच. ०७ हा आपला लाडका नंबर सोडण्याची वेळ आली. तोच न्याय उलटही लागतो. मालवणात, कुडाळात घरासमोर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गोव्याच्या नंबरच्या गाड्या आपण पाहतो. त्यांतल्या कित्येकांचे मालक जन्मात गोव्यात राहिलेले नाहीत. कर कमी पडतो म्हणून कोणाच्या तरी पत्त्यावर तिकडे नोंदलेल्या त्या गाड्या आहेत. ही युक्ती फक्त आपल्याकडची नव्हे. केरळातल्या धनिकांनी महागड्या मोटारी पुदुच्चेरीत नोंदवल्याचे प्रकरण २०१७ साली गाजले. फरक एवढाच की ती कोटीची मोटार होती आणि आपल्या पोराची जुनी मारुती.

येथे एक बारकावा सांगणे जरूर आहे, कारण त्यावर माणसे फसतात. बारा महिन्यांची सवलत नंबरापुरती आहे. कराची भाषा निराळी. आपल्या कराच्या कायद्याचे शब्द 'राज्यात वापरलेले किंवा वापरण्यासाठी ठेवलेले वाहन' असे आहेत. त्यामुळे राज्ये मधूनमधून मुदतीच्या आधीच कर मागू पाहतात. कर्नाटकाने २०१४ साली कायदा बदलून परराज्यातली गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली तर आयुष्यभराचा कर भरा असे म्हटले होते. तिथल्या उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती २०१६ साली रद्द ठरवली. २०१३ साली गोवा सरकारने सरहद्दीवर बाहेरच्या वाहनांकडून प्रवेशाचे पैसे घेण्यास सुरुवात केली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढा असंतोष माजला हे पुष्कळांना आठवत असेल. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ती सरहद्द परक्या सत्तेची होती. (जाता जाता एक गंमत : पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात मात्र डावीच राहिली, कारण शेजारी डावीकडून चालत होता. शेजाऱ्याचा विचार परक्या राजवटीलाही करावा लागला.)

आता पैशाचा हिशेब मांडू. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के एकरकमी कर आहे, डिझेलला १३ टक्के. हा एकदा भरला की पंधरा वर्षांची बेगमी. समजा, सहा लाखांची पेट्रोल मोटार घेतली. कर झाला ६६ हजार. पाच वर्षांनी नोकरीसाठी बिऱ्हाड गोव्यात हलवले. गोवा सरकार म्हणणार, आमच्या रस्त्यावर चालायचे तर आमचा कर भरा. गाडीच्या वयाप्रमाणे तो नव्यापेक्षा कमी असतो, पण असतो. मग महाराष्ट्रात भरलेल्या उरलेल्या दहा वर्षांच्या कराचे काय? सरळ त्रैराशिकाने ते ४४ हजार होतात. प्रत्यक्षात परतावा खात्याच्या कोष्टकाप्रमाणे मिळतो, त्रैराशिकाप्रमाणे नव्हे. परंतु तो मागण्याचा हक्क आहे, ही गोष्टच बहुतेकांना ठाऊक नसते. आणि तो आपण होऊन कोणी घरी आणून देत नाही. नव्या राज्यात नंबर मिळाल्याचा व कर भरल्याचा पुरावा घेऊन जुन्या कचेरीत अर्ज करावा लागतो. म्हणजे पैसे आधी दोनदा गुंतवा आणि मग एकदाचे परत मागा. ज्याच्या हाती पैसा खेळतो त्याला हे जमते. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने मधल्या काळात काय करावे, याचा विचार कोष्टक करणाऱ्याने केलेला नाही.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बी.एच.' म्हणजे भारत मालिकेचा नंबर सुरू केला. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर बदलायचा नाही. कल्पना उत्तम. परंतु तो मिळतो कोणाला? लष्करातल्या माणसांना, सरकारी व सार्वजनिक उद्योगातल्या नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपनीच्या नोकरांना. कळंगुटच्या हॉटेलात भांडी घासणारा देवबागचा मुलगा यात बसत नाही. ज्याची बदली साहेब करतो त्याला सवलत. ज्याची बदली पोट करते त्याला नाही. आम्ही संघटनेतर्फे हे लिहून कळवले आहे. पोच आली.

नंबर बदलण्याची रीत थोडक्यात सांगून विम्याकडे वळतो, कारण खरा जीव तिथे आहे. जुन्या कचेरीकडून 'ना हरकत' दाखला घ्यायचा. त्याचा नमुना २८. त्यावर गाडीच्या सांगाड्याच्या नंबराचा पेन्सिलीने काढलेला ठसा लागतो. कर थकलेला नसावा, दंडाच्या पावत्या बाकी नसाव्यात, कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही तर दाखला दिला असे धरावे, अशी सोय कलम ४८ मध्ये आहे. म्हणून अर्जाची पोचपावती जपून ठेवा, ती पुढे उपयोगी पडते. मग नव्या राज्यात नमुना २७ वर अर्ज, कर, तपासणी आणि नवी पाटी. गाडी परराज्यातल्या माणसाला विकली असेल तर विकणाऱ्याने ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. आचऱ्याच्या मुलाने आणि त्याच्या मित्राने एवढे केले असते तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

विमा म्हणजे काय, हे समजावताना मी आमच्या सभांत रापणीचा दाखला देतो. रापण ओढायला गाव येतो आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. तिथे लाभाची वाटणी होते. विम्यात हानीची होते. हजार माणसे थोडे थोडे देतात आणि ज्याच्यावर आकाश कोसळते त्याला त्यातून आधार मिळतो. परंतु मोटारीच्या विम्यात आणखी एक माणूस आहे, ज्याने एक पैही भरलेली नाही. तुम्ही पहिला पक्ष, कंपनी दुसरा, आणि रस्त्यावरून चाललेला कोणीही तिसरा. या तिसऱ्यासाठीचा विमा आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे, तिसऱ्याचा नाही. कामगार, मोलकरीण, बाजारातून परतणारी कोळीण, सारे या तिसऱ्या पक्षात मोडतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नसते.

या सक्तीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवते आणि तो देशभर एकच. २०२२ च्या जूनपासूनच्या दरांप्रमाणे हजार सी.सी.पर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारांपर्यंत ३,४१६, आणि ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला ७१४ रुपये. मालवणात राहा, पणजीत राहा, दिल्लीत राहा, फरक नाही. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात मात्र गावाप्रमाणे फरक पडतो. खाजगी गाड्यांसाठी देशाचे दोन भाग केलेले आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे 'अ' विभागात. उरलेला सारा हिंदुस्थान 'ब' विभागात. 'अ' चा दर अधिक. विभाग ठरतो तो गाडी नोंदवलेल्या कचेरीवरून. म्हणजे सिंधुदुर्गातून गोव्यात नंबर बदलला तर 'ब' मधून 'ब' मध्येच राहिलात. मुंबईत नंबर बदलला तर हप्ता चढतो. २००७ पासून कंपन्यांना आपले दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, त्यामुळे आकडे कंपनीगणिक बदलतात, पण ही विभागणी टिकून आहे.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट ही आणखी एक दुर्लक्षित वस्तू. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. ही सूट गाडीची नव्हे, माणसाची आहे. परराज्यात जाताना जुनी गाडी विकली आणि तिथे नवी घेतली तर कंपनीकडून पत्र घेऊन ती नव्या गाडीला लावता येते, तीन वर्षांपर्यंत. मात्र विमा संपून नव्वद दिवस गेले तर ती बुडाली. आणि विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याची सूट कधीही मिळत नाही.

विकत घेणाऱ्याची खरी अडचण याहून मोठी आहे. गाडी विकली की तिसऱ्या पक्षाचा विमा तिच्याबरोबर आपोआप नव्या मालकाकडे गेला असे कायदा कलम १५७ मध्ये मानतो. घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवायचे. परंतु हे मानणे तिसऱ्यापुरतेच. घेणाऱ्याच्या गाडीचे नुकसान, गाडीची चोरी यांची भरपाई विमा त्याच्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५-९६ च्या सुमारासच हे सांगून ठेवले आहे. मालक-चालकाच्या मृत्यूबद्दल पंधरा लाखांचा जो अपघात विमा असतो, तोही नाव असलेल्यालाच. आचऱ्याचा तो मुलगा स्वतः त्या अपघातात गेला असता, आणि विमा चालू असता, तरी त्याच्या आईच्या हाती त्यातला एक रुपया आला नसता.

नोंदणीत हयगय केली तर विमा कसा हातचा जातो, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या सप्टेंबरातल्या निकालात आहे. एका माणसाने नवी गाडी घेतली. विमा पुरा भरला. तात्पुरत्या नंबराची मुदत संपली, पक्का नंबर घेतला नाही, आणि गाडी घेऊन परगावी गेला. तिथे मुक्कामाच्या ठिकाणाहून ती चोरीस गेली. तो म्हणाला, चोराने काय नंबर बघून चोरी केली? युक्तिवाद वाईट नाही. पण न्यायालयाने म्हटले की नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हाच कराराचा मूलभूत भंग, भरपाई नाही. 'बारा महिने आहेत, पाहू मग' असे म्हणणाऱ्यांना मी हा निकाल सांगतो. नंबर बदलला की त्याच आठवड्यात नवी नोंदणीपुस्तिका घेऊन विमा कंपनीकडे जावे आणि पॉलिसीवर नवा नंबर, नवा पत्ता चढवून घ्यावा. खर्च किरकोळ असतो.

तारकर्लीच्या मोसमात आणखी एक प्रकार चालतो, त्याविषयी बोललेच पाहिजे; मंडळी रागावली तरी चालेल. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी घेऊन मुले चिपीच्या किंवा मोप्याच्या विमानतळावर जातात आणि पाहुण्यांना भाड्याने आणतात. बेकारी आहे, मोसम चार महिन्यांचा आहे, मला सारे कळते. परंतु खाजगी वापरासाठी उतरवलेला विमा भाड्याच्या फेरीला लागू होत नाही. गाडीचे नुकसान झाले तर कंपनी हात वर करील, आणि आत बसलेला प्रवासी दगावला तर दाव्याची रक्कम मुलाच्या घरावर येईल. पिवळ्या पाटीचा खर्च जास्त आहे हे मान्य. त्यासाठी चारचौघांनी मिळून एक गाडी रीतसर काढावी, असे आम्ही दोन ठिकाणी करून पाहिले. एका ठिकाणी जमले. दुसऱ्या ठिकाणी भागीदारच भांडले.

राहिला प्रश्न त्या तिसऱ्या पक्षाचा. आपला माणूस गोव्यात गेला आणि तिथल्या रस्त्यावर अपघातात दगावला, तर त्याच्या बायकोने दाव्यासाठी गोव्यात खेपा घालाव्यात का? पुष्कळ बायका तसे समजून दावाच करीत नाहीत. कलम १६६ प्रमाणे दावा अपघात झाला तिथे करता येतो, दावेदार राहतो तिथे करता येतो, किंवा प्रतिवादी राहतो तिथेही. म्हणजे ती आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणाकडे ओरोसला अर्ज करू शकते. २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. तिच्यावर वाद झाले आहेत, पण वादाच्या भरवशावर राहू नये. पोलिसांचा पंचनामा, फिर्यादीची प्रत, शवचिकित्सेचा अहवाल, नवऱ्याच्या पगाराचा कसलाही कागद आणि धडक देणाऱ्या गाडीचा नंबर एवढे घेऊन यावे. पगाराचा कागद बहुतेक वेळा नसतो, कारण मालक तो देतच नाही. अशा वेळी आम्ही त्याच हॉटेलातल्या दोन कामगारांचे जबाब घेतो, आणि ते जबाब देण्यास तयार व्हावेत म्हणून आधी त्यांच्या नोकरीची हमी मालकाकडून मिळवावी लागते. तिथून आमचे नेहमीचे काम सुरू होते.